बारा फुटी हॉलमधली वारी

बँकेत रोखपाल म्हणून एकतीस वर्षं काढली. नोटा मोजताना कधी चुकलो नाही, निदान पकडला तरी गेलो नाही. त्यामुळे लेक तिच्या चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन आठ दिवस राहायला आली, तेव्हा एका दुपारी मी ठरवलं की नातीची पावलं मोजायची. कागद-पेन्सिल घेतली आणि चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असा आपला जुना हिशेब मांडायला बसलो.

मनू दिवाणापासून निघाली. तीन पावलं टाकून थांबली. फरशीवरचा पोळीचा तुकडा उचलला, तोंडात घातला, काढला, पुन्हा घातला. वळली, दोन पावलं आणि बसकण. उठली. मग टीपॉय धरून चार पावलं. आता धरून टाकलेलं पाऊल मोजायचं की नाही? मी नियम ठरवतोय तोवर ती स्वयंपाकघराच्या दाराशी पोचून परत फिरली होती. दहाव्या मिनिटाला बेरीज जुळेना. बँकेत कॅश टॅली झाली नाही की रात्री आठपर्यंत बसावं लागायचं. इथे बायकोने प्रकरण तिथेच मिटवलं. म्हणाली, "अहो, मोजत काय बसलाय, उठा. ती कुंडीतली माती खातेय."

मला जमलं नाही ते न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ यांनी नीट करून ठेवलं आहे. लहान मुलांच्या हालचाली मोजण्यातच या बाईंची कारकीर्द गेली. शंभराहून जास्त मुलांना खेळायला मोकळं सोडायचं, व्हिडिओ काढायचा आणि मग तो सावकाश पुढे-मागे करत एकेक पाऊल आणि एकेक आपटी टिपायची, असा उद्योग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१२ साली त्यांनी आकडे छापले. बारा ते एकोणीस महिन्यांचं मूल मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं, ७०१ मीटर चालतं आणि १७ वेळा पडतं.

रोखपालाच्या हाती दोन आकडे लागले की तो भागाकार करतोच. ७०१ मीटरला २,३६८ ने भागलं की एक पाऊल साडेएकोणतीस सेंटिमीटरांचं येतं. म्हणजे शाळेच्या दप्तरातली पट्टी. मनू दिवसभर जमिनीवर पट्टी ठेवत जाते, उचलते, पुढे ठेवते. आमचा हॉल बारा फुटी. त्यात ७०१ मीटर भरायचे तर तासाला साधारण १९० वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जावं लागेल. दिवसाचे सहा तास मूल असं जमिनीवर मोकळं आहे असं धरलं, तर १४,००० पावलं, सव्वाचार किलोमीटर आणि शंभर आपट्या. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. या हिशेबाने मनू दोन महिन्यांत पायी वारी पुरी करते, आणि तीही दोन खोल्यांच्या बाहेर न पडता, मध्ये मुक्काम न करता आणि वाटेत मिळेल ते तोंडात घालत.

माझ्या मनगटावर जावयाने दिलेलं घड्याळ आहे. दहा हजार पावलं झाली की ते थरथरतं आणि शाबासकी देतं. या दहा हजारांमागे कुणा डॉक्टरचं मोठं संशोधन असेल अशी माझी समजूत होती. तसं काही नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. गोल आकडा होता, लोकांना आवडला, चिकटला. मनूला असं कुणी लक्ष्य दिलेलं नाही. तिच्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी आहे, ती थरथरत नाही.

इथे मोठ्या माणसाला साहजिक प्रश्न पडतो, की एवढं चालून ती जाते कुठे? अॅडॉल्फ यांच्या गटाने तेही पाहिलं. मूल खेळण्याकडे जायला चालत असेल, तर खेळणी काढून घेतल्यावर चालणं कमी व्हायला हवं. म्हणून काही मुलांना खेळण्यांनी भरलेल्या खोलीत सोडलं आणि काहींना रिकाम्या खोलीत. रिकाम्या खोलीतली मुलंही तेवढीच हिंडली. कितीतरी फेऱ्या तर दोन-तीन पावलांतच संपत होत्या, वाटेत मध्येच, जिथे काहीच नाही अशा जागी. आपण भाजी आणायला चालतो, बस पकडायला चालतो. हे लोक चालायला चालतात.

आता त्या शंभर आपट्यांकडे येऊ, कारण घरातला निम्मा आरडाओरडा त्यांच्यापायी होतो. मनू पडली की माझ्या तोंडून "अगं आई गं" निघतं आणि ती पडून झाल्यावर आधी माझ्याकडे बघते. माझा चेहरा पाहून रडायचं की नाही ते ठरवते, असा माझ्या लेकीचा आरोप आहे. "बाबा, तुम्ही ओरडू नका, ती रडत नाही." लेकीचं म्हणणं खरं निघालं. मुलांचं पडणं मोजणाऱ्यांना दिसलं की बहुतेक आपट्यांनंतर मूल कुरकुरतही नाही, काही सेकंदांत पुन्हा खेळाला लागतं. त्याचं एक कारण साध्या गणितात आहे. मनूचं वजन दहा किलो आणि तिच्या शरीराचा मध्य जमिनीपासून सुमारे चाळीस सेंटिमीटरांवर. माझं सत्तर किलो आणि नव्वद सेंटिमीटर. दोन्हीकडे गुणाकार करून पाहा. मी पडलो तर तिच्यापेक्षा जवळपास सोळापट जोराने आदळेन. शिवाय तिची गादी डायपरच्या रूपाने तिच्याबरोबरच फिरते. टीपॉयचा कोपरा, जिना, गॅलरी यांची धास्ती मोठ्यांनी घ्यावी, ती आपली कामं आहेत. सपाट जमिनीवर बसकण मारणं हा मात्र तिच्या अभ्यासाचा भाग आहे आणि त्यात मी रोज शंभर वेळा नाक खुपसत होतो.

शेजारच्या काकू येऊन गेल्या. त्यांचा नातू तेरा महिन्यांचा, अजून धरूनच उभा राहतो, म्हणून त्या काळजीत. त्यांच्या सुनेला तर रोज कुणी ना कुणी विचारतंच, की अजून चालत नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ धडधाकट मुलं काळजीपूर्वक पाहून २००६ साली जे कोष्टक काढलं, त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. जवळजवळ साडेनऊ महिन्यांची खिडकी! याच मुलांतली ४.३ टक्के हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, त्यांनी आपला वेगळा मार्ग काढला. कुणी बसल्या बसल्या सरकतं, कुणी पोटावर फरफटत जातं, आणि मग थेट उभं राहतं. साडेसतरा महिने उलटूनही मूल चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेराव्या महिन्यात मात्र काकूंना फक्त चहाची गरज होती.

काकूंनी नातवाला लवकर चालतं करायला म्हणून एक वॉकर आणला आहे. चाकांची गोल चौकट, मध्ये झोळी, पुढे दिवे आणि गाणी. मूल त्यात बसतं आणि पायाच्या चवड्यांनी ढकलत सुसाट सुटतं. या वस्तूबद्दलचा आकडा ऐकला की अंगावर काटा येतो. अमेरिकेत १९९० ते २०१४ या पंचवीस वर्षांत सव्वा वर्षाच्या आतली २,३०,६७६ मुलं वॉकरमुळे जखमी होऊन इस्पितळात आणली गेली. दिवसाला पंचवीस पडतात. त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश जिन्यावरून कोसळली होती. कॅनडाने २००४ साली या वॉकरवर सरळ बंदी घातली.

आपल्याकडे त्याआधी काय होतं? पांगुळगाडा. तीन चाकांचा, लाकडाचा, करकर वाजणारा. त्यात मूल बसत नाही. ते मागे उभं राहतं, दांडी धरतं, स्वतःचा भार स्वतःच्या तळव्यांवर घेतं आणि ढकलतं. गाडा मुलाला नेत नाही, मूल गाड्याला नेतं. सुताराने ज्या वेगाचा विचार केला असेल तो वेग मुलाच्याच पायात असतो. आम्ही माळ्यावरचा काढला, एक चाक पिचलं होतं, ते बदलून घेतलं. मनूने पहिल्या दिवशी तो उलटा करून चाकं फिरवली, चालवला नाही. तेही चाललं.

पायांचे आकडे एवढे मोठे, तर हातांचे विचारूच नका. स्वीडनच्या योहान्सन आणि वॅल्बो या दोघांनी १९७९ साली माणसांच्या हाताच्या नसेत अतिबारीक सुया घालून एकेका चेतातंतूचं बोलणं ऐकलं आणि हिशेब मांडला. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांच्या आतल्या बाजूला मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू असतात. बोटांच्या टोकांशी ते इतके दाटीवाटीने बसलेले, की एका चौरस सेंटिमीटरमध्ये दोनशेच्या वर भरतात. हे मोठ्या माणसांचे आकडे. पण २००९ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात महाविद्यालयीन मुलामुलींची बोटं तपासली, तेव्हा असं दिसलं की बोट जेवढं लहान तेवढा त्याचा स्पर्श बारीक. बायकांची बोटं पुरुषांपेक्षा सरस ठरतात ती याच कारणाने. हे मी घरात वाचून दाखवलं. "म्हणूनच तांदळातला खडा तुम्हाला कधी सापडला नाही," एवढंच उत्तर आलं.

मग मनूच्या हातात काय पडतं ते मी एक सकाळ नुसतं पाहिलं. स्वयंपाकघरात खालच्या फडताळात बायकोने स्टीलचे सात डबे आणि त्यांची झाकणं तिच्यासाठी सोडली होती. सगळ्यात मोठा डबा पिठाचा, रिकामा. सगळ्यात लहान हिंगाचा. मनूने आधी मोठ्या डब्यात डोकं घातलं आणि "आ" केलं. आवाज घुमून परत आला. डोकं काढून तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आत घातलं. झाकण उभं धरून सोडलं, ते फरशीवर गरगरत, आवाज लहान लहान करत निजलं. ते पूर्ण थांबेपर्यंत ती हलली नाही. मग हिंगाच्या डबीचा वास. नाक मुरडलं, डबी लांब ठेवली, परत ओढून घेतली, पुन्हा वास घेतला आणि पुन्हा नाक मुरडलं. बायकोने कणकेचा लिंबाएवढा गोळा दिला. तो आधी दाबला, मग बोट खुपसलं, मग ते भोक पाहत बसली. मग चाटला. मग झाकणावर थापला. थापल्यावर तो चिकटला, आणि झाकण उलटं केलं तरी पडेना. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते माझ्या चेहऱ्यावर बढतीच्या पत्रानेही आलं नव्हतं.

मोठ्या माणसाची तक्रार अशी असते, की पोर एका खेळण्यावर टिकत नाही. टिकत नाहीच. अॅडॉल्फ यांच्याच गटाने १३, १८ आणि २३ महिन्यांच्या चाळीस मुलांना त्यांच्या घरी जाऊन चित्रित केलं आणि त्यांनी वस्तू हाताळल्याचे १०,०१५ प्रसंग मोजून २०२२ साली प्रसिद्ध केले. एका प्रसंगाचा मध्यक ९.८ सेकंद. दहा सेकंदही नाहीत! तेवढ्यात वस्तू बदलते. खेळणं, चप्पल, रिमोट, खुर्चीचा पाय, पुन्हा खेळणं. पण सगळे तुकडे जोडले तर मुलांचा बहुतेक वेळ वस्तू हाताळण्यातच जातो. आमच्या बँकेत नवीन कारकुनाला पहिले काही महिने ठेवींपासून वसुलीपर्यंत प्रत्येक टेबलावर फिरवायचे. मनू रोज सगळ्या शाखा फिरते. आणि शेजारी बसलेला माणूस तिला मध्येच थांबवून "हे बघ, हे असं लावायचं" म्हणतो, तेव्हा तिचे ९.८ सेकंद त्याच्या उपदेशात जातात. हे मी स्वतःबद्दल सांगतोय.

मारिया माँटेसरी यांचा एक गुलाबी मनोरा असतो. लाकडाचे दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटर बाजूचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. बाजू दहापट, पण आकारमान हजारपट. एका हातात एक घनसेंटिमीटर, दुसऱ्यात हजार. डोळ्यांना जो फरक दहापट दिसतो तो मनगटाला हजारपट लागतो, आणि ते मुलाला शब्दांत सांगण्याची गरज पडत नाही. हिंगाची डबी आणि पिठाचा डबा यांच्यात थोडंफार तेच चाललेलं असतं. माँटेसरी बाई १९३९ साली भारतात आल्या. पण त्यांच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी तो विचार आपल्या मातीत आणला होता. ताराबाई पुढे १९४५ साली बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकासाची योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत.

हातपायांचं झालं. आता कानांचं, कारण पोरांना आवडणाऱ्या झोपाळ्याचा संबंध तिथे आहे. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात, दोन्ही कानांत मिळून सहा. डोकं फिरलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. त्यांच्याच जवळ दोन पिशव्या असतात आणि त्यांत चुनखडीचे कण. अगदी खरीखुरी चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट, एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. झोका पुढे गेला की हे कण मागे ओढले जातात, लिफ्ट खाली निघाली की वर. खाली कुठे आणि वर कुठे, हे माणसाला सांगणारा ओळंबा तो हाच. गंमत म्हणजे हा आतला कान जन्माच्या आधीच मोठ्या माणसाच्या मापाचा झालेला असतो. मनूच्या कानातलं यंत्र माझ्याएवढंच आहे. फक्त त्याचं बोलणं मान, डोळे, पाय यांच्याशी जुळवून घेण्याचं काम बाकी आहे. पाठुंगळी, मांडीवरचा घोडा, झोका, आजोबांच्या पायावर उभं राहून उलटं चालणं, गोल फिरून धप्पकन बसणं, हे सगळे त्या जुळवाजुळवीचे तास.

आणि निरोप अजून सावकाश चालतात. नवजात बाळाच्या नसांमधून संदेश मोठ्यांच्या साधारण निम्म्या वेगाने जातो. नसेवर चरबीचं वेटोळं चढत जातं तसा वेग वाढतो आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान मूल आपल्या बरोबरीला येतं. वेटोळं नसलेल्या तंतूत संदेश सेकंदाला मीटरभर सरकतो, म्हणजे बैलगाडीच्या चालीने. जाड वेटोळ्याच्या तंतूत सेकंदाला शंभर मीटरांवर जातो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ठरवलेला वेग आहे ३२०.

आता मेंदू. इथे आकडे इतके फुगतात की माझ्यासारख्यालाही शून्यं पुन्हा मोजावी लागतात. मेंदूत पेशी किती, याचं उत्तर वर्षानुवर्षं 'शंभर अब्ज' असं ठोकून दिलं जायचं. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांना शंका आली, की हे मोजलंय कुणी? त्यांनी मरणोत्तर मिळालेले मेंदू विरघळवून त्यांचं एकजीव पाणी केलं, अगदी ताक घुसळावं तसं, आणि त्यातली पेशीकेंद्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. २००९ साली आकडा आला ८,६०० कोटी चेतापेशी. त्यांतल्या ६,९०० कोटी कुठे असाव्यात? विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूत नाहीत, तिथे १,६०० कोटीच आहेत. त्या आहेत कवटीच्या मागे खाली असलेल्या लहान मेंदूत, ज्याचं वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि ज्याचं एक मुख्य काम म्हणजे तोल आणि हालचालींचा मेळ. पहिल्या वर्षात सगळा मेंदू दुप्पट होतो, तर हा लहान मेंदू २४० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभराचे तीनशे चाळीस. असा व्याजदर देणारी बँक मला तरी माहीत नाही.

पेशींच्या जोडण्यांचा आकडा तर सगळ्या जाहिरातींत सापडतो. पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाख नव्या जोडण्या! हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राने तो लोकप्रिय केला. हेच केंद्र आधी सेकंदाला ७०० सांगत असे. आमच्याकडे एवढा फरक निघाला असता तर ऑडिट बसलं असतं. तेव्हा हा अंदाज आहे हे ध्यानात ठेवून तो नजरेसमोर आणायचा प्रयत्न करू. तांदळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर दहा लाख दाणे म्हणजे वीस किलो. प्रत्येक सेकंदाला कुणीतरी तांदळाची वीस किलोची गोण आपल्या हॉलमध्ये ओततंय. एक शिंक आली, दोन गोण्या. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसभरात १,७२८ टन, दहा टनांचे १७३ ट्रक. दाणे ८,६४० कोटी. आणि आत्ताच सांगितलं, मेंदूतल्या सगळ्या पेशी ८,६०० कोटी. मनूची एक दुपारची झोप होते तेवढ्यात पन्नास-साठ हजार... नको, तिथे पुन्हा माझी टोटल चुकायची.

हे सगळे दाणे राहत नाहीत, हे मात्र जाहिरातवाले सांगत नाहीत. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी १९७९ साली मेंदूच्या पातळ कापांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जोडण्या मोजल्या. मेंदूच्या पुढच्या भागात एक ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये त्यांची दाटी मोठ्यांच्या दीडपट निघाली. पुढची अनेक वर्षं त्या कमी होत जातात. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. तो वेल भरभरून वाढू देतो आणि मग कात्री घेऊन उतरतो. ज्या वाटेने रोज ये-जा आहे ती वाट राहते. २,३६८ पावलं तासाला, ती कशासाठी, याचं उत्तर काही अंशी इथे असावं.

लेकीने ऑनलाइन एक संच मागवला होता. रंगीत वाळू, रबरी गोळे, टोचऱ्या चटया. खोक्यावर मेंदूचं चित्र आणि तोच दहा लाखांचा आकडा. किंमत सांगत नाही, बायको हे वाचेल. मनू खोक्यातच बसली. त्या दिवशी मला इलिनॉयच्या विल्यम ग्रीनो यांचे उंदीर आठवले. साथीदार, शिड्या आणि खेळणी असलेल्या 'समृद्ध' पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत प्रत्येक पेशीमागे जोडण्या २० ते २५ टक्के जास्त सापडल्या. अनेकांनी यावरून खेळणी विकली. पण तुलना होती ती एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदराशी. साध्या गटारातल्या उंदराचं आयुष्य त्या समृद्ध पिंजऱ्यापेक्षा कितीतरी समृद्ध असतं. पोराला हलायला जागा आहे, बोलायला माणसं आहेत, हाताला डबे, पाणी, माती आहे, तर त्याला गटारातल्या उंदराएवढं तरी मिळतंय, आणि संच न घेतल्याने त्याचं काही बुडत नाही. बुडतं ते बांधून ठेवल्याने. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा की एक-दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि खुर्चीत, गाडीत किंवा पाठीला बांधून सलग तासापेक्षा जास्त राहू नये. दोन वर्षांच्या आत मोबाइल न दिलेला बरा. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरतानाच पोरांच्या हातात तो असतो.

घाबरण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्यांत कसूर नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत टाकून करतात. नळीत मावेल तो तुकडा घशात अडकू शकतो. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे नाण्याहून जरा मोठी वस्तूसुद्धा त्यात गेली. शेंगदाणे, फुटाणे, राजमा हे खेळायला अजिबात नकोत. आणि पाण्याचा खेळ चालू असताना उठून दार उघडायलाही जायचं नाही. बुडायला बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं.

हे सगळं चालवायला इंधन किती लागतं? मोठ्या माणसाचा मेंदू स्वस्थ बसलेल्या शरीराच्या खर्चाचा पाचवा हिस्सा खातो. २०१४ साली क्रिस्टोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मूल चार-पाच वर्षांचं होईतो हा वाटा ६६ टक्क्यांपर्यंत चढतो, आणि मेंदू एवढा खातो त्या वर्षांतच शरीराची वाढ सर्वांत मंद असते. मनू तिथवर पोचायची आहे. आत्ता ती वरणभाताचा तिसरा घास थुंकून चमचा खाली टाकते. खुर्चीवरून पडायला त्याला सेकंदाचे चार दशांश लागतात. मी उचलून देतो. पुन्हा चार दशांश. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी स्वतःच्या मुलाचं हेच वस्तू टाकणं वहीत टिपून ठेवलं आणि त्यावर ग्रंथ लिहिला. मी फक्त वाकत होतो. अकराव्या वेळी मला वाटलं की ती चमच्याकडे बघत नाहीये, मी कसा वाकतो ते बघतेय.

जायच्या दिवशी सकाळी लेक बॅग भरत होती. मनूला टीपॉयखाली माझा तो चार रेघांचा कागद सापडला. तिने तो चुरगळला, कानाशी नेला, पुन्हा चुरगळला. मग फाडला. फाटण्याचा आवाज आवडला असावा, कारण प्रत्येक तुकडा पुन्हा फाडायला घेतला. मी जमिनीवर बसून तुकडे वेचून मोजायला लागलो, एक, दोन, तीन. सतरापर्यंत आलो तेव्हा तिने माझ्या हातातले ओढून घेतले आणि उधळले.

"बाबा, रिक्षा आली," लेक म्हणाली, "आणि तिच्या तोंडात काय आहे बघा जरा."

अठरावा होता.